सोलरचा कोर्स : पैसे भरण्याआधी पाच प्रश्न



आम्ही मावळातल्या वराळे गावच्या बचत गटातल्या बायका. आज बोलायचंय ते आमच्या गटात आलेल्या एका कर्जाच्या मागणीबद्दल. मागणी 18,000 रुपयांची होती. आमच्यातल्या एका ताईची लेक दहावी पास झाली. तिला सोलरचं काम शिकायचं होतं. तेव्हा गावात एक कागद फिरत होता. सात दिवसांत सोलर टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी, असं त्यावर लिहिलेलं. ताई म्हणाली, "पोरगी हुशार आहे, गटानं हात द्यावा." दोघी-तिघी लगेच हो म्हणाल्या. तेवढ्यात एकीनं विचारलं, "सात दिवसांत? अगं, मला ब्लाऊज नीट शिवायला सहा महिने लागले!"

सगळ्या हसल्या, पण बैठक तिथंच थांबली. गटाचा पैसा म्हणजे महिन्याला शंभर-शंभर करून साठवलेला. तो बुडाला तर गटाचा विश्वास बुडतो, आणि पोरीचं वर्षही जातं. म्हणून आम्ही पंधरा दिवसांची मुदत घेतली आणि चौकशीला लागलो. त्यात जे कळलं, ते तुम्हाला सांगतो.

आधी हरित रोजगार म्हणजे काय ते बघू. ज्या कामानं माती, पाणी, हवा आणि वीज वाचते, आणि ज्या कामाचे पैसे मिळतात, ते हरित काम. आपल्या मावळात अशी कामं डोळ्यांसमोर आहेत. छतावर सोलर पॅनेल बसवणं आणि दुरुस्त करणं. शेतातला सौर पंप सांभाळणं. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये ठिबक आणि खतपाणी बघणं. ओल्या कचऱ्याचं खत करणं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची दुरुस्ती. लोणावळ्याकडून येणाऱ्या आपल्या इंद्रायणीत सांडपाणी जाऊ नये म्हणून जे शुद्धीकरण प्रकल्प लागतात, तेही चालवायला माणसं लागतात.

या कामांना मागणी का वाढतेय? एक उदाहरण घेऊ. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. 1 कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे. घरी 1 किलोवॅटचं सोलर बसवलं तर 30,000 रुपये, 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. शेतासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात शेतकऱ्यानं पंपाच्या किमतीचा 10 टक्के वाटा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांनी 5 टक्के. पंप आला, पॅनेल आलं, पण ते बंद पडल्यावर कोण येणार? शहरातून माणूस येईपर्यंत पीक वाळतं. गावातच शिकलेला हात असेल तर पीक वाचतं आणि त्या हाताला कामही मिळतं.

मग सात दिवसांत शिकून का भागत नाही? आम्हीही आधी समजत होतो, पॅनेल ठेवायचं, वायर जोडायची, झालं. तसं नाही. घरातलं बटण बंद केलं की दिवा बंद होतो. पॅनेलचं तसं नसतं. ऊन आहे तोवर त्यातून वीज येतच राहते. ती वायर चुकीच्या पद्धतीनं हाताळली तर जोराचा झटका बसतो, ठिणगी पडून आग लागते. शिवाय काम छतावरचं. कमरेला सुरक्षा पट्टा नसेल तर एका पाय घसरण्यात सगळं संपतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे हवं, त्याला नेमका उतार हवा, झाडाची सावली पडता कामा नये, अर्थिंग पक्कं हवं. यातलं एक चुकलं तरी वीज कमी येते किंवा जिवावर बेततं. हे कागदावर वाचून येत नाही. पुन्हा पुन्हा हातानं करून येतं.

सरकारी वाटा काय आहेत, तेही आम्ही शोधलं. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा ट्रेडही आहे, पण तो सगळ्या आयटीआयमध्ये नसतो, विचारावं लागतं. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात, हे आमच्यातल्या कितीतरी जणींना माहीतच नव्हतं. आयटीआय झाल्यावर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करता येते. 1961 च्या कायद्यानुसार त्या काळात दरमहा विद्यावेतन द्यावं लागतं. ज्यांचं आयटीआय झालंय, त्यांच्यासाठी राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेनं 2015 पासून 'सूर्यमित्र' हा कोर्स काढला. तो 600 तासांचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांचा, राहण्या-जेवणासह मोफत. आता बघा, आयटीआय झालेल्या मुलांना 600 तास लागतात आणि त्या कागदावर दहावीच्या पोरीला सात दिवस!

आपल्या 'उमेद'मधून ग्रामीण मुलामुलींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना चालते, तीही मोफत. अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिला आपण आरसेटी म्हणतो, तिथंही प्रशिक्षण मोफत असतं. फुलशेतीची आवड असेल तर तळेगाव दाभाड्यातच राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. तिथं हरितगृहाचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण मिळतं.

ज्यांची शाळा सुटली, त्यांचं काय? आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. ते मोठ्या कंपनीतले शास्त्रज्ञ होते. ती नोकरी सोडून ते पाबळसारख्या कोरडवाहू गावात आले. तिथं एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. मुलं शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत हातानं काम करत शिकतात. शाळेत नापास झालेलं पोर बिनकामाचं नसतं, हे त्या आश्रमानं दाखवून दिलं.

आमच्या चौकशीत एक जुनी गोष्टही निघाली. आमच्या गावाशेजारच्या तळेगावात 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून तो फंड उभा केला होता. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं. त्या कारखान्यात नुसती काच बनत नव्हती, तरुणांना काचेचं काम शिकवलंही जात होतं. ती विद्या तेव्हा आपल्याकडे नवी होती. म्हणजे एकेक पैसा जमवून तरुणांच्या हातात नवं कसब द्यायचं, हे आपल्या भागात शंभर वर्षांपूर्वी झालंय. आपला बचत गट दुसरं काय आहे? फक्त तो पैसा नेमका कुठं लावायचा, ते कळलं पाहिजे.

त्यासाठी आम्ही पाच प्रश्न ठरवले. तुम्हीही वहीत लिहून घ्या.

पहिला, कोर्सला मान्यता कुणाची? आयटीआय असेल किंवा केंद्राच्या एनसीव्हीईटी या परिषदेची मान्यता असेल, तर त्याचा पुरावा मागा. नुसता रंगीत कागद म्हणजे मान्यता नव्हे.

दुसरा, एकूण तास किती आणि त्यातले हातानं काम करायचे किती? जमलं तर कार्यशाळा स्वतः बघून या. अवजारं वापरलेली दिसतात की कपाटात नवीकोरी पडलीत, ते आपल्याला बरोबर कळतं.

तिसरा, हेच शिक्षण मोफत किंवा कमी फीमध्ये कुठं मिळतं का?

चौथा, मागच्या तुकडीतली मुलं आज कुठं आहेत? दोघांशी तरी स्वतः बोला. पगार किती, वेळेवर मिळतो का, विचारा. नोकरीची हमी तोंडी नको, लेखी मागा.

पाचवा, मुलींसाठी राहण्याची, स्वच्छतागृहाची, येण्या-जाण्याची सोय काय? आणि छतावर चढताना सुरक्षा पट्टा देतात का?

आम्ही हे प्रश्न त्या कागदावरच्या फोनवर विचारले. मान्यतेवर उत्तर आलं, "ते नंतर बघू." मागच्या मुलांचे नंबर मिळाले नाहीत. आम्ही त्या कोर्ससाठी कर्ज दिलं नाही. ताई त्या दिवशी नाराज झाली. लेक रडली. ते बघणं सोपं नव्हतं.

पण आम्ही नुसतं नाही म्हणून उठलो नाही. दोघी जणी लेकीबरोबर आयटीआयच्या ऑनलाइन अर्जाला बसलो. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, सगळं गोळा केलं. घरात आजी म्हणाली, "पोरीच्या जातीला विजेचं काम कशाला?" तेव्हा ताईच बोलली, "आत्या, फ्यूज गेला की खुर्चीवर चढून मीच बघते ना? मग ही शिकून करील."

लेकीला इलेक्ट्रिशियनला जागा मिळाली. गटानं लोकलचा पास, वह्या आणि अवजारांसाठी 4,000 रुपये दिले. आता ती पहिल्या वर्षाला आहे. पुढं नोकरी लागेल की नाही, ते आम्ही आज सांगू शकत नाही. पण मागच्या महिन्यात गटाच्या खोलीतला पंखा बंद पडला, तेव्हा तिनं आधी मेन स्विच बंद केला, मग टेस्टरनं तपासलं आणि मगच हात लावला. आम्ही सगळ्या बघत होतो.

मैत्रिणींनो, दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज सुरू होतात. त्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्या. गटात कुणाची मुलं दहावीला आहेत, कुणाची शाळा सुटलीय, याची यादी करा. कागदपत्रं आधीच तयार ठेवा. आणि कुणी फीसाठी कर्ज मागितलं, तर आधी पाच प्रश्न, मग पैसे.

येतो आम्ही. नमस्कार.