कल्पनेतल्या बेटांना ध्वज देताना

इतिहासाने एखादे वळण वेगळे घेतले असते तर काय झाले असते, या प्रश्नातून 'पर्यायी इतिहास' हा साहित्यप्रकार जन्मला. त्यातील कल्पित देशांसाठी नकाशे, नाणी आणि ध्वज तयार करण्याचा छंद अनेक जण जोपासतात. बेटांचे राष्ट्र हा त्यांचा विशेष आवडता विषय. निळा रंग, त्यावर सूर्य किंवा माडाचे झाड काढले की काम झाले, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ध्वजाची कसोटी रंग निवडण्याआधीच सुरू होते. कॅरिबियन समुद्रात असे एक राष्ट्र खरोखरच आकार घेत होते. त्याचा ध्वजही ठरला होता. मात्र अवघ्या चार वर्षांत ते नकाशावरून पुसले गेले. त्याचे नाव वेस्ट इंडीज संघराज्य.

दहा वसाहती, एक सूर्य

३ जानेवारी १९५८ रोजी जमैका, त्रिनिदाद, बार्बाडोस यांच्यासह ब्रिटनच्या दहा वसाहतींचे हे संघराज्य अस्तित्वात आले. बार्बाडोसचे ग्रँटली अ‍ॅडम्स त्याचे पंतप्रधान झाले. जमैकातील शिल्पकार एडना मॅन्ली यांनी ध्वजाची रचना केली होती. निळ्या पार्श्वभूमीवर चार नागमोडी पांढऱ्या रेषा आणि मधोमध सोनेरी-नारिंगी वर्तुळ, एवढेच त्याचे स्वरूप. निळा रंग आणि लाटा म्हणजे कॅरिबियन समुद्र, वर्तुळ म्हणजे त्यावर तळपणारा सूर्य.

ध्वजशास्त्राचे आजचे निकष लावले तरी ही रचना उत्तम ठरते. उत्तर अमेरिकेतील ध्वज-अभ्यासकांच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत पाच सूत्रे दिली आहेत. लहान मुलाला आठवणीतून काढता येईल इतका ध्वज साधा असावा. त्यातील चिन्हांना अर्थ असावा. रंग दोन किंवा तीनच असावेत. अक्षरे आणि राजमुद्रा टाळाव्यात. आणि तो दुसऱ्या कोणाच्या ध्वजासारखा दिसू नये.

मॅन्ली यांच्या रचनेचे खरे वैशिष्ट्य मात्र तिने काय वगळले, यात होते. प्रत्येक वसाहतीसाठी एक तारा काढला असता, तर मोठ्या जमैकाचा आणि चिमुकल्या माँटसेराटचा तारा सारखाच का, हा वाद उभा राहिला असता. एखादे फूल किंवा पक्षी घेतला असता, तर तो कोणत्या बेटावरचा, हा प्रश्न आला असता. समुद्र आणि सूर्य यांवर मात्र कोणा एकाचा हक्क नव्हता.

जोडणारा समुद्र, तोडणारा समुद्र

तथापि जो समुद्र ध्वजावर ऐक्याचे प्रतीक होता, तोच प्रत्यक्षात दुराव्याचेही कारण होता. किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन हे हवाई अंतर सुमारे १८०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोलकात्याहूनही अधिक. संघराज्याची निम्म्याहून अधिक लोकसंख्या जमैकात होती. प्रतिनिधीगृहातील ४५ पैकी १७ जागाच तिच्या वाट्याला आल्या. केंद्र सरकार आपल्यावर कर लादेल, ही जमैकाची भीती. तर लहान बेटांवरून रोजगारासाठी लोंढे येतील, ही त्रिनिदादची. १९ सप्टेंबर १९६१ रोजी जमैकात सार्वमत झाले आणि सुमारे ५४ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. हे सार्वमत घेणारे जमैकाचे मुख्यमंत्री नॉर्मन मॅन्ली हे संघराज्याचे पुरस्कर्ते आणि ध्वजकर्त्या एडना यांचे पती होते. ३१ मे १९६२ हा दिवस संघराज्याच्या स्वातंत्र्यासाठी मुक्रर झाला होता. त्याच दिवशी ते विसर्जित झाले.

नव्या देशांचे नवे ध्वज

पुढे प्रत्येक बेटाने आपापला मार्ग धरला. ऑगस्ट १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या जमैकाने आधी आडव्या पट्ट्यांचा ध्वज योजला होता. तो टांगानिकाच्या ध्वजाशी मिळताजुळता ठरल्याने सोनेरी तिरक्या फुलीची आजची रचना स्वीकारण्यात आली. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या बार्बाडोसने निळ्या-सोनेरी पट्ट्यांवर दांडा मोडलेला त्रिशूळ घेतला. वसाहतकालीन चिन्हातील त्रिशूळच मोडून दाखवून त्या देशाने गतकाळाशी नाते तुटल्याचे सूचित केले.

ऐक्याची कल्पना मात्र पूर्णपणे लोपली नाही. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या 'कॅरिकॉम' या प्रादेशिक संघटनेच्या निळ्या ध्वजावर पुन्हा सूर्याचेच वर्तुळ आले. क्रिकेटच्या मैदानावर तर 'वेस्ट इंडीज' आजही एकच आहे. १९६२ च्या पूर्वार्धात नरी कॉन्ट्रॅक्टर यांचा भारतीय संघ तेथे खेळत होता, तेव्हा संघराज्य अखेरच्या घटका मोजत होते. बार्बाडोसमध्ये डोक्याला चेंडू लागून कॉन्ट्रॅक्टर गंभीर जखमी झाले, त्या वेळी त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल होते. देश मोडला, संघ टिकला. संघराज्यात कधीच सामील न झालेल्या गयानाचे खेळाडूही त्या संघातून खेळत आले आहेत.

हे संघराज्य टिकले असते तर, अशी कल्पना करून आज कोणी त्याच्यासाठी ध्वज काढायला बसला, तर त्याने रंगांच्या आधी काही प्रश्न हाती घ्यावेत. सर्वांत मोठ्या बेटाला किती मान द्यायचा? जुन्या सत्ताधीशांची कोणती खूण ठेवायची, कोणती टाकायची? कोणत्या चिन्हावर कोणाचाच एकट्याचा दावा नाही? या प्रश्नांची उत्तरे एडना मॅन्ली यांच्या ध्वजाने दिली होती. करांचे, रोजगाराचे आणि प्रतिनिधित्वाचे प्रश्न सोडविणे ध्वजाच्या हाती नव्हते. ते राज्यघटनेचे काम होते आणि तेथेच संघराज्य अपुरे पडले.