वेल्श भाषेतील विकारी शब्दयोगी

मराठी व्याकरणाने 'अव्यय' ही संज्ञा संस्कृतातून घेतली. लिंग, वचन, विभक्ती यांपैकी कशानेही ज्याच्या रूपात व्यय होत नाही ते अव्यय, हा तिचा अर्थ सर्वश्रुत आहे. 'वर', 'खाली', 'साठी', 'शिवाय' या शब्दांना शब्दयोगी अव्यये म्हणताना अभ्यासकाला सहसा अडखळावे लागत नाही. वेल्श भाषेशी गाठ पडली म्हणजे मात्र ही संज्ञा एकाएकी अपुरी वाटू लागते. त्या भाषेत 'वर' या अर्थी 'आर्' हा शब्द आहे. 'टेबलावर' म्हणावयाचे झाल्यास 'आर् अ बुर्द़्' असे म्हणतात. यातील 'अ' हे निश्चयवाचक उपपद असून ते वगळले तर रचना सरळ आहे. परंतु 'माझ्यावर' म्हणावयाचे झाल्यास 'आर्ना ई', 'तुझ्यावर' म्हणावयाचे झाल्यास 'आर्नात् ती', 'त्याच्यावर' याला 'आर्नो वे', 'तिच्यावर' याला 'आर्नी ही', 'आमच्यावर' याला 'आर्नोन् नी', 'तुमच्यावर' याला 'आर्नोख़् ख़ी' आणि 'त्यांच्यावर' याला 'आर्निन् न्हू' अशी रूपे होतात. म्हणजे येथे खुद्द शब्दयोगीच पुरुष, वचन आणि लिंग यांनुसार चालविला जातो. त्याला अव्यय म्हणणे हा वदतोव्याघात होय. म्हणून प्रस्तुत लेखात नुसता 'शब्दयोगी' हाच शब्द वापरला आहे.

उच्चारांविषयी एवढे सांगितले म्हणजे पुरे. 'द़' हा जिभेचे टोक दातांना लागून होणारा घोष घर्षक ध्वनी, 'थ़' हा त्याचाच अघोष जोडीदार, आणि 'ख़' हा घशातून येणारा घर्षक ध्वनी होय. शब्दारंभीचा 'न्ह' हा अघोष अनुनासिक आहे.

वेल्श ही केल्टिक शाखेतील भाषा. वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे ५ लाख ३८ हजार लोकांनी, म्हणजे त्या वयोगटातील १७.८ टक्के लोकांनी, ही भाषा बोलता येते अशी नोंद केली. २०५० पर्यंत ही संख्या दहा लाखांवर न्यावी असे धोरण तेथील शासनाने २०१७ साली जाहीर केले. ते सिद्धीस जावयाचे तर प्रौढ वयात इंग्रजीकडून वेल्शकडे वळणाऱ्यांची संख्या मोठी असणार हे उघड आहे, आणि अशा नवशिक्यांची वाट अडविणाऱ्या गोष्टींत शब्दयोगींची रूपावली अग्रभागी असते. विकार पावणारे शब्दयोगी पंधराच्या आसपास; प्रत्येकाची सात रूपे. शंभरावर रूपांचा तक्ता समोर ठेवला की विद्यार्थी एक तर तो घोकू लागतो किंवा 'आर्' पुढे सर्वनाम ठेवून 'आर् वी' अशी इंग्रजी वळणाची रचना करू लागतो. यांपैकी पहिल्या मार्गाने श्रम वाया जातात आणि दुसऱ्याने भाषा बिघडते.

वस्तुतः शंभर रूपे पाठ करावयाची नसतातच. प्रत्येक रूपात दोन अंश असतात: शब्दयोगीचे वाढविलेले अंग आणि पुरुषवाचक प्रत्यय. प्रत्यय बहुतांशी समान आहेत. तृतीयपुरुषी एकवचनात पुल्लिंगी 'ओ' व स्त्रीलिंगी 'ई', अनेकवचनात 'इन्'. प्रथमपुरुषी अनेकवचनात 'ओन्', द्वितीयपुरुषी अनेकवचनात 'ओख़्'. प्रथम व द्वितीय पुरुषांच्या एकवचनी रूपांत स्वर बदलतो, त्यामुळे काही ठिकाणी 'आ' तर काही ठिकाणी 'ओ' ऐकू येतो. खरे लक्ष द्यावयाचे ते वाढीव अंगाकडे. 'आर्' चे अंग 'आर्न्', 'ओ' (पासून) याचे 'ओहोन्', 'हेब्' (वाचून) याचे 'हेब्द़्', 'अन्' (मध्ये) याचे तृतीयपुरुषात 'अन्द़्', 'ई' (ला, साठी) याचे तृतीयपुरुषात 'इद़्'. हे शेवटचे उदाहरण बोधप्रद आहे. 'मला' याला 'ई मी', 'तुला' याला 'ई ती' असे विकाररहित रूप चालते; 'त्याला' म्हणताना मात्र 'इद़ो', 'तिला' म्हणताना 'इद़ी', 'त्यांना' म्हणताना 'इद़िन्'. 'गान्' (जवळ) याचेही तसेच: 'गेन् ई', 'गेन् ती', पण 'गान्द़ो', 'गान्द़ी'. प्रथमपुरुषावरून तृतीयपुरुषाचा अंदाज बांधता येत नाही हे यावरून स्पष्ट होते. पाठ्यपुस्तके मात्र 'मी' पासून आरंभ करतात. व्यवहाराच्या दृष्टीने ते स्वाभाविक असले तरी प्रत्येक शब्दयोगीबरोबर त्याचे तृतीयपुरुषी पुल्लिंगी रूप, जसे 'आर्, आर्नो', 'अन्, अन्द़ो', असे जोडीने लक्षात ठेवणे अधिक शहाणपणाचे. धातूबरोबर त्याचे भूतकाळी रूप ध्यानात ठेवावे, तसाच हा प्रकार आहे.

रूपात पुरुष आधीच व्यक्त झाला असता पुढे पुन्हा 'वे', 'ही', 'नी' ही सर्वनामे कशासाठी, असा प्रश्न पडेल. मराठी कानाला 'त्याच्यावर तो' असे म्हटल्यासारखे ते वाटते. ग्रंथिक वेल्शमध्ये ही सर्वनामे पुष्कळदा गाळतातही. बोलीत ती टिकली याला कारण आहे. ग्रंथिक भाषेत 'माझ्यावाचून' हे 'हेब्द़ोव्' आणि 'त्याच्यावाचून' हे 'हेब्द़ो' असे भिन्न आहे. बोलण्यात अंत्य 'व्' लोपतो व दोन्ही रूपे एक होतात. मग 'हेब्द़ो ई' आणि 'हेब्द़ो वे' यांतील फरक सांगण्याचे काम सर्वनामावर येऊन पडते.

यापुढील गोष्ट सिद्धान्ताच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. हा विकार केवळ सर्वनामापुरता आहे. पुढे नाम आले की शब्दयोगी मूळ रूपातच राहतो. 'मुलांवर' म्हणजे 'आर् अ प्लान्त्'. तेथे 'आर्निन्' हे रूप येत नाही. हेच वर्तन वेल्श क्रियापदाचेही आहे. 'त्यांनी पाहिले' हे 'ग्वेलोन् न्हू' असे अनेकवचनी होते, पण 'मुलांनी पाहिले' हे 'ग्वेलोद़् अ प्लान्त्' असे एकवचनीच राहते. बोलीतील भूतकाळी क्रियापदाचे 'ग्वेलोन् नी', 'ग्वेलोख़् ख़ी' हे प्रत्ययही 'आर्नोन् नी', 'आर्नोख़् ख़ी' यांच्याशी जुळतात. वेल्शमध्ये शब्दयोगी आणि क्रियापद ही एकाच नियमाखाली वावरतात, हे एकदा ध्यानी आले की निम्मा गोंधळ मिटतो. एक फरक मात्र राहतो. क्रियापद लिंगभेद जाणत नाही, शब्दयोगी जाणतो. आणि तोही एकवचनातच. 'त्याच्यावर' व 'तिच्यावर' असा भेद करून 'त्यांच्यावर' येथे तो सोडून देणाऱ्या मराठी भाषकाला यात नवल वाटू नये.

मराठीतही विकारी शब्दयोगी आहेतच की, असा आक्षेप येथे घेता येईल. 'तिच्यासारखा मुलगा', 'तिच्यासारखी मुलगी', 'तिच्याजोगे काम' यांत 'सारखा', 'जोगा' बदलतात. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून साम्यापेक्षा भेदच उठून दिसतो. 'सारखी' हे रूप ठरते ते पुढील 'मुलगी' या विशेष्यावरून. मागील 'तिच्या' शी त्याचा काही संबंध नाही. वेल्श 'आर्नी' चे रूप ठरते ते ज्याच्यावर वस्तू आहे त्या 'ती' वरून. मराठी शब्दयोगी बाहेरच्या शब्दाशी जुळतो, वेल्श शब्दयोगी आपल्याच आश्रिताशी जुळतो. विकारी म्हणून दोहोंची एकत्र गणना केली तर हा दिशाभेद हरवतो. अव्यय या संज्ञेचा पुनर्विचार करावयाचा तर तो येथपासून करावा लागेल.

नामाचे काय होते हेही पाहण्यासारखे आहे. 'आर्', 'ई', 'ओ' इत्यादींच्या पुढे नामाचे आद्य व्यंजन मृदू होते: 'बाङ्गोर्' या गावाला जाणे म्हणजे 'ई वाङ्गोर्'. 'अन्' च्या योगाने ते अनुनासिक होते आणि स्वतः 'अन्' ही बदलते: 'अम् माङ्गोर्'. नवशिका ही व्यंजनविक्रिया आणि वर सांगितलेली रूपावली एकाच पोतडीत टाकतो. वास्तविक पहिलीत शब्दयोगी नामाला बदलतो, दुसरीत सर्वनाम शब्दयोगीला बदलते. मराठी विद्यार्थ्याला पहिल्या प्रकाराचे मर्म सामान्यरूपावरून चटकन कळावे: 'रस्ता' पण 'रस्त्यावर'. मराठीत शब्दयोगी मागून येतो म्हणून नामाचा अंत बदलतो. वेल्शमध्ये तो पुढे येतो म्हणून नामाचा आरंभ बदलतो.

रूपे कळली तरी ती कोठे वापरावयाची हा प्रश्न उरतो, आणि येथे मराठी भाषकाची बाजू इंग्रजी भाषकापेक्षा पुष्कळ बळकट आहे. वेल्शमध्ये 'असणे' आहे, पण स्वामित्व दाखविणारे स्वतंत्र क्रियापद नाही. 'माइ गेन् ई गार्' याचा शब्दशः अर्थ 'आहे माझ्याजवळ गाडी'. शारीरिक वा मानसिक अवस्था माणसाच्या अंगावर येतात: 'माइ आनुइद् आर्ना ई' म्हणजे 'आहे पडसे माझ्यावर', 'माइ ओव्न् आर्नी ही' म्हणजे 'आहे भीती तिच्यावर'. मराठीत त्या 'ला' प्रत्ययाने येतात, 'मला पडसे झाले', 'तिला भीती वाटते'. परंतु अनुभव घेणारा कर्ता नसून अवस्थेचे आश्रयस्थान आहे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच. 'तुला काय झाले आहे?' हे वेल्श माणूस 'तुझ्यावर काय आहे?' अशा धर्तीने विचारतो. 'माइ आर्ना ई द़ेग् पिन्त् ई ती' म्हणजे 'आहेत माझ्यावर दहा पौंड तुला', अर्थात मी तुझे दहा पौंड देणे लागतो. मराठीतही कर्ज माणसाच्या अंगावरच असते. आणि 'र्हाइद् ई मी विन्द्' याला 'मला जाणे भाग आहे' यापेक्षा जवळचा प्रतिशब्द शोधून सापडणार नाही. विकारी रूपे शिकवावयाची ती अशा वाक्यांतून. तक्त्यातील 'आर्नी' विसरले जाते. भीतीच्या वाक्यातील विसरत नाही.

संबंधी वाक्यात तर या विकाराखेरीज गत्यंतर नाही. 'ज्या टेबलावर मांजर आहे ते टेबल' याला वेल्श रचना 'अ बुर्द़् माइर् गाथ़ आर्नो' अशी, म्हणजे 'ते टेबल, आहे मांजर त्याच्यावर'. टेबलाऐवजी खुर्ची असेल तर खुर्ची स्त्रीलिंगी म्हणून 'अ गादाइर् माइर् गाथ़ आर्नी'. संबंधी सर्वनामाला शब्दयोगी जोडून मराठी जे काम करते, ते येथे वाक्याच्या शेवटी उभा असलेला 'आर्नो' किंवा 'आर्नी' लिंगाच्या खुणेने करतो.

न बदलणारे शब्दयोगीही आहेत. 'गिदा' (सह) हा त्यांतला एक. दक्षिण वेल्समध्ये स्वामित्व त्याच्याच साहाय्याने सांगतात, 'माइ कार् गिदा वी', त्यामुळे तेथील नवशिक्याची 'गान्' च्या रूपांपासून काही काळ सुटका होते. 'मेउन्' हाही बदलत नाही, पण त्याचे कारण निराळे आहे. 'एखाद्यात' अशा अनिश्चित अर्थीच तो येतो. सर्वनाम निश्चितार्थी असल्यामुळे त्याच्यापुढे येण्याचा प्रसंगच उद्भवत नाही, आणि ते स्थान 'अन्' चे राहते.

शब्दयोगींना पुरुषवाचक प्रत्यय लागण्याची ही प्रवृत्ती आयरिश, ब्रेटन आदी सर्व केल्टिक भाषांत आहे. इतर आर्यभारोपीय कुळात ती अशी पद्धतशीर आढळत नाही, हिब्रू व अरबी यांत मात्र आढळते. बाङ्गोर येथील वेल्शचे प्राध्यापक जॉन मॉरिस-जोन्स यांनी १९०० साली केल्टिक वाक्यरचनेची प्राचीन ईजिप्शियन व बर्बर भाषांशी तुलना करून, केल्टपूर्व रहिवाशांच्या भाषेचा हा अवशेष असावा असा तर्क मांडला. तर्क आकर्षक आहे. पण केवळ शब्दयोगींच्या रूपांवर एवढा भार टाकणे धोक्याचे. हंगेरियन भाषेत 'ऑलॉत्त' म्हणजे 'खाली', 'ऑलॉत्तॉम' म्हणजे 'माझ्याखाली'. तेथे शब्दयोगी मराठीप्रमाणे नामामागून येतात, तरीही प्रत्यय लागतात. आघातहीन सर्वनाम शेजारच्या शब्दाला चिकटण्याची क्रिया कोठेही स्वतंत्रपणे घडू शकते.

शेवटी संयुक्त शब्दयोगी. 'नंतर, मागे' या अर्थी 'आर् ओल्' येते. 'ओल्' म्हणजे माग. 'माझ्यामागे' याला 'आर् व ओल् ई', म्हणजे 'माझ्या मागावर'. येथे 'आर्' ला विकार होत नाही, कारण त्याच्यापुढे आता सर्वनाम नसून 'ओल्' हे नाम आहे. सर्वनाम षष्ठीच्या अर्थाने मध्ये शिरते. मराठी 'मागे' चा 'माग' शी असलेला संबंध ज्याला ठाऊक आहे त्याला ही घडण परकी वाटणार नाही. 'त्याच्यामागे' आणि 'तिच्यामागे' यांत तर षष्ठ्यर्थी सर्वनामही एकच राहते: 'आर् ई ओल् ए' आणि 'आर् ई होल् ही'. शेवटचे 'ए' व 'ही' गाळले, तर लिंगाची सगळी खूण त्या एका हकारात असते.