थिजलेल्या हातामागचा गोंगाट

डोक्याला धातूची चौकट घट्ट बसवलेली, कवटीला छिद्र पाडलेलं, आणि काका जागे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. भूल दिलीय ती फक्त डोक्याच्या कातडीपुरती. पार्किन्सनच्या गोळ्या आदल्या रात्रीपासून बंद ठेवल्यामुळे उजवा हात ताठरून पडलाय. अतिशय बारीक टोकाचा मायक्रोइलेक्ट्रोड मेंदूच्या डाव्या भागात मिलिमीटरच्या अंशाअंशानं खाली सरकतोय आणि ऑपरेशन थिएटरमधले सगळे कान पेशींचे विद्युत ठोके ऐकवणाऱ्या स्पीकरकडे.

थॅलॅमस या मेंदूतल्या भागात तुरळक टकटक. मग जवळपास शांतता. आणि एकदम पत्र्यावर वळवाची सर कोसळावी तसा आवाज! सबथॅलॅमिक न्यूक्लियस आलं. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा पेशींचा पुंजका.

"काका, हात सैल सोडा." न्यूरॉलॉजिस्ट मनगट दुमडतात आणि आवाज जोर धरतो. कोपर हलवतात, काही फरक नाही. म्हणजे ही पेशी मनगटाची दखल घेणारी.

हात हलेना म्हणजे आत सामसूम असणार, असं आपण धरून चालतो. इथे उलटंच. हा पुंजका पुढच्या ज्या पेशींना चेतवतो, त्यांचं कामच हालचाल अडवून धरण्याचं. पार्किन्सनमध्ये डोपामाइन हे मेंदूतलं रसायन आटलं की तो बेसुमार चेकाळतो आणि शरीर जागच्या जागी थिजतं.

हे कळलं माकडांमुळे. न्यूरॉलॉजिस्ट मालॉन डीलाँग यांनी जाग्या माकडांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी हालचालीच्या वेळी कशा धडधडतात ते ऐकलं. त्यावरचा निबंध 1971 सालचा. पुढे एमपीटीपी नावाचं विष देऊन माकडांमध्ये पार्किन्सनसारखी अवस्था आणली गेली. 1990 मध्ये बर्गमन, विचमन आणि डीलाँग यांनी अशा माकडांचं सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केलं, तर विरुद्ध बाजूच्या हातापायांचा ताठरपणा आणि कंप ओसरला. शस्त्रक्रियेनंतर मोकळेपणानं हालचाल करणाऱ्या रुग्णांचे व्हिडिओ सगळीकडे फिरतात. या माकडांचं नाव कुणी काढत नाही.

पेशी मारण्यापेक्षा तिथे वीज देणं बरं, कारण ती बंद करता येते. फ्रान्समधल्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांच्या गटानं 1993 पासून याच जागी इलेक्ट्रोड बसवायला सुरुवात केली. सेकंदाला विजेचे साधारण 130 ठोके. त्यानं पेशी गप्प होतात की त्यांच्या बिघडलेल्या लयीवर दुसरी लय लादली जाते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. शस्त्रक्रिया मात्र त्यासाठी खोळंबलेल्या नाहीत.