शिसे रक्तात शिरते तेव्हा

पूर्वी छापखान्यात खिळे जुळविणारा आणि आज जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारा, असे दोघेही कामगार फिकट का पडतात, याचे एक उत्तर एका एन्झाइमाच्या रचनेत आहे.

आपल्या रक्ताला तांबडा रंग देणारे व प्राणवायू धरून ठेवणारे हीम शरीर स्वतःच घडविते. त्या घडणीच्या दुसऱ्या पायरीवर ‘एएलए डिहायड्रेटेज’ हे एन्झाइम काम करते. माणसाच्या शरीरात ते सारख्याच ८ साखळ्यांचे बनलेले असते. प्रत्येक साखळीत ३३० अमिनो आम्ले असून ती पिंपाच्या आकारात गुंडाळलेली असते. पिंपाच्या तोंडाशी कामाची जागा असते. यीस्टमधील याच एन्झाइमाची रचना क्षकिरणांच्या साहाय्याने १९९७ साली उलगडली.

या जागेत एएलएचे दोन रेणू येतात. लायसिन नावाची दोन अमिनो आम्ले त्यांना तात्पुरत्या बंधाने पकडतात. शेजारी जस्ताचा एक अणू असतो; त्याला सिस्टीनच्या तीन गंधकांनी धरलेले असते. हे जस्त दुसऱ्या रेणूला योग्य बाजूने बसविते. मग दोन्ही रेणू दोन ठिकाणी सांधले जातात, पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि पाच कडांचे वलय तयार होते. पुढे अशी चार वलये जोडून मोठे कडे बनते व त्यात लोह बसले की हीम सिद्ध होते.

आता शिशाची करणी पाहा. गंधकाशी त्याची मैत्री जस्ताहून दाट. ते जस्ताला हुसकून त्याची जागा बळकावते, पण त्याचे काम मात्र त्याला येत नाही. एएलए तुंबते आणि लघवीत उतरते. एवढ्यावर न थांबता शिसे लोह बसविण्याच्या अखेरच्या पायरीलाही अडथळा करते. त्यातून पांडुरोग जडतो. शिवाय शिसे हाडांत वर्षानुवर्षे दडून राहते.

भारताने २००० साली पेट्रोलातून शिसे हद्दपार केले. भट्ट्यांतून ते गेलेले नाही. अशा ठिकाणी कामगाराला पेलाभर दूध देऊन जबाबदारी संपत नाही. दूध हे चांगले अन्न आहे, पण अडविलेली जागा ते सोडवीत नाही. धूर ओढून घेणारे पंखे, जेवणापूर्वी हात धुण्याची सोय, घरी न न्यावयाचे कामाचे कपडे आणि रक्ताची नियमित तपासणी या मागण्या म्हणूनच चैनीच्या नव्हेत. त्यांना विज्ञानाचा आधार आहे, आणि तो आपण प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचविला पाहिजे.