इफ्तारच्या ताटातलं तेल

रमजान सुरू झाला की स्टाफरूममध्ये दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, महिनाभरात वजन चांगलं उतरत असेल ना?" मी हसून वेळ मारून नेतो. खरं सांगायचं तर गेल्या रमजानमध्ये माझं वजन अडीच किलोनं वाढलं. ईदनंतर रक्त तपासलं तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा 6.2 आला. मधुमेह नाही, पण उंबरठा दिसला. अब्बांची शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर गेली. त्याची सुरुवात याच उंबरठ्यावरून झाली होती. म्हणून यंदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून, खाल्लेलं सगळं वहीत लिहून कॅलरी मांडायचं ठरवलं.

पहिल्याच संध्याकाळी अडलो. "अम्मी, समोसे में तेल कितना जाता है?" "जितना जाता है, उतना जाता है." थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून पुन्हा आवाज आला, "अब रोजे में भी हिसाब?"

पण हिशेब तिथंच होता. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, पीठ-साखर-डाळीच्या ग्रॅमला साधारण 4. म्हणजे ताटात जे सर्वांत कमी दिसतं, तेच सर्वांत जास्त भरतं. मग मी वजनकाटा आणला. तळणीपूर्वी कढईतलं तेल 500 ग्रॅम. पट्टीचे 20 खिमा समोसे तळून, गार झाल्यावर मोजलं तर 410. नव्वद ग्रॅम तेल समोशांनी प्यायलं होतं (कागदानं टिपलेलं थोडं त्यातच धरा). एका समोशाला साडेचार ग्रॅम, म्हणजे तेलाच्याच 40 कॅलरी. पट्टी आणि खिमा धरून शंभराच्या पुढं. मी चार खातो. खायचो.

शिजवलेल्या पदार्थाची रीत वेगळी. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवायचं. त्यात पडणारं सगळं, तांदूळ, मटण, कांदा, तुपाची पळीसुद्धा, कच्चंच तोलून लिहायचं. शिजल्यावर पातेलं पुन्हा तोलायचं आणि आपल्या ताटात आलेला वाटा काढायचा. इथं माझी मोठी चूक झाली. 100 ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण 350 कॅलरी. मी तोच आकडा ताटातल्या भाताला लावला आणि घाबरलो. भातात निम्म्याहून जास्त पाणी असतं, 100 ग्रॅमला 130च्या आसपास पडतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017मध्ये 528 खाद्यपदार्थांची कोष्टकं काढली, ती फार उपयोगी आहेत. पण त्यात बहुतेक कच्चा माल आहे. आमच्या खिचड्याचं गणित आम्हालाच करावं लागतं.

शेजारच्या काकू हे ऐकून हसल्या. मग त्यांच्या उपवासाच्या खिचडीला काटा लावला. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम दाण्याच्या कुटात 170 कॅलरी, साबुदाणा आणि तूप वेगळंच. "एकादशी अन् दुप्पट खाशी उगीच नाही म्हणत," म्हणाल्या, आणि काटा दोन दिवस ठेवून घेतला.

बाहेरच्या खाण्यापुढं मात्र काटाही थोडा हतबल होतो. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेन्यूत कॅलरी लिहाव्यात असा आपल्याकडं नियम आहे. तरावीहनंतर ज्या गाडीवर आपण उभे राहतो, तिला तो लागू नाही. म्हणून एकदा बिर्याणीचं पार्सल घरी आणून, हाडं बाजूला काढून तोललं. खाण्यासारखं 550 ग्रॅम भरलं. भात किती, मटण किती हे डोळ्यांना कळतं. तेल कळत नाही. मी वहीत एक आकडा न लिहिता दोन लिहिले, 850 ते 1200, आणि बेरजेला वरचा धरला. माणूस स्वतःच्या ताटाबद्दल नेहमी उदार असतो, त्यामुळं बाहेरच्या खाण्यात वरचाच आकडा बरा. रश्श्यावरची तर्री ताटात राहिली तर ती वजा करायला हरकत नाही. सरबत विसरू नका. चमचाभर साखर 20 कॅलरी, आणि पाकाच्या ग्लासात चमचे मोजून पडत नाहीत. खजूर उगीच बदनाम आहे. लहान असला तर एकाला वीस-पंचवीसच.

अठरा रोजे झाले. वजन गेल्या वर्षीसारखं चढलेलं नाही. साखर ईदनंतर कळेल. अम्मी अजून कुरकुरतात, पण परवा भजी तळण्याआधी त्यांनी हाक मारली, "काटा किधर रखा?"

ईदच्या शीरखुर्म्याचं गणित आताच करून पाहिलं. म्हशीचं दूध, साखर, तूप, सुकामेवा, शेवया मिळून एक वाटी पावणेचारशेच्या आसपास. दरवर्षी मी सहा घरी जातो. यंदा दोन घरी अर्धीच वाटी मागायची आहे. कोणत्या दोन, ते अजून ठरत नाही.