साथ ओसरली, शिकवणही ओसरावी काय?

सन २०२५ च्या जानेवारीत पुणे शहराच्या नैर्ऋत्य अंगास, सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ह्या वस्त्यांत धडधाकट माणसांचे पाय एकाएकी लुळे पडू लागले. व्याधीचे नाव गुइलेन बॅरे सिंड्रोम, लोकांच्या तोंडी जीबीएस. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. कित्येकांस कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवावे लागले आणि काही दगावले. रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला आणि बोट पाण्याकडे व अन्नाकडे वळले.

आंबवड्याचा वाचक म्हणेल, पुण्याच्या दुखण्याचे आम्हांस काय? परंतु भोर-वेल्ह्याकडील किती घरांतील मुलगा वा मुलगी आज पुण्याच्या खानावळीत दोन वेळचे जेवते, ह्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय पुणे जे पाणी पिते ते वेल्ह्याच्याच डोंगरांवर पडलेले. पानशेत व वरसगाव येथे अडून ते खडकवासल्यास येते. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनीच अशुद्ध पाण्याने आजारी पडावे, ह्याहून विपरीत ते काय!

ह्या विपरीताचे कारण शोधावयास फार दूर जाणे नको. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावे सन २०२१ मध्ये महापालिकेत आली. खेड्यात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, ओटी चाचणी करून पाण्यास पिवळी छटा येते की नाही हे पाहतो. ही व्यवस्था साधी खरी, पण ती कोणाची जबाबदारी हे गावास ठाऊक असते. गाव शहरात गेले की ग्रामपंचायत जाते. शहराचे शुद्ध पाणी मात्र त्याच दिवशी येत नाही. मधल्या काळात माणसे विहिरीवर, टँकरवर आणि खासगी आरओ केंद्रांच्या जारवर जगतात. साथीनंतर महापालिकेने ह्या केंद्रांची तपासणी करून काहींस टाळे लावले. ते योग्यच झाले. परंतु तपासणीसाठी आधी माणसे लुळी व्हावी लागली.

आता अन्नाविषयी. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यांत सहज राहतो. मांस नीट शिजले की तो मरतो. म्हणून दोष रश्श्याचा नव्हे, दोष असतो फळीचा आणि सुरीचा. कच्ची कोंबडी ज्या फळीवर कापली तिच्यावरच काकडी-कांदा चिरला की जंतू कोशिंबिरीतून पोटात जातो. कच्चे मांस नळाखाली खळखळून धुण्याची जी चाल घरोघरी स्वच्छतेची मानली जाते, तीही शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर पसरविते. पोटात गेल्यावर बहुतेकांस चार दिवस जुलाब होऊन भागते. परंतु साधारणतः हजारांत एखाद्याचे शरीर जंतूशी लढताना स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांतली शक्ती जाऊ लागते. तोवर कोणत्या दुकानी काय खाल्ले ह्याची आठवणही उरलेली नसते. दुकानदारास दोष लागत नाही आणि शहाणपणही येत नाही, ते ह्यामुळेच.

अन्न सुरक्षा व मानके कायदा सन २००६ चा आहे, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आहे. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशीही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची अपेक्षा आहे. उत्तम! परंतु दोन पोऱ्यांवर चालणाऱ्या गाडीस हा पंचवीसचा हिशेब कसा लागू पडावा? परवान्याचा कागद भिंतीवर असतो. बशा विसळणारा मुलगा मोरीपाशी बसलेला असतो, पुष्कळदा परप्रांतातून आलेला, आणि त्याला हात केव्हा धुवावेत हे त्याच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. सांगितले तरी जवळ नळ नसतो, साबण नसतो. दंडाची पावती फाडणाऱ्या अधिकाऱ्याने प्रथम हा नळ कोठे आहे ते पाहावे, असे आम्हांस वाटते.

व्यापारी बंधू म्हणतील, हे सारे खर्चाचे. दुसरी फळी, दुसरी सुरी, साबणाची वडी आणि झाकणाचे पिंप ह्यांस किती खर्च येतो? साथीच्या त्या आठवड्यांत लोकांनी बाहेरचे खाणे टाळले, त्याची तूट त्यांच्याच वहीत असेल. ती ह्या खर्चाशेजारी मांडून पाहावी. आंबवड्यास नागेश्वराच्या दर्शनास आलेल्या माणसास कोणी चहा-भजी विकत असेल, तर पिंपातले पाणी कोठले, हा प्रश्न त्यालाही तितकाच लागू आहे.

जानेवारीत पाणी उकळा, अन्न शिजवून खा, अशी सूचना सर्वत्र झाली आणि लोकांनी ती पाळली. भय गेले तशी पातेलीही चुलीवरून उतरली. म्हणून आमची मागणी लहानशी आहे. समाविष्ट गावांतील प्रत्येक शाळेत ओटी चाचणीची कुपी ठेवावी, मुलांनी आठवड्यातून एकदा आपल्या घरचे पाणी आणून तपासावे आणि आकडा फळ्यावर लिहावा. घरच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ज्या आठवड्यात तो उरणार नाही, त्या आठवड्यात फळ्यावरचा तो आकडा नगरसेवकाच्या व पाणीपुरवठा अधिकाऱ्याच्या दारी पालकांनीच नेऊन द्यावा.