दोन संध्यांचा प्राणी

पहाटे पावणेपाचला फरशीवर धप्प असा एकच आवाज झाला, जाडजूड पुस्तक सपाट पडावं तसा. मी दचकून उठून बसले. खोलीत काहीच पडलं नव्हतं. कपाटाजवळ चिकू कान ताठ करून उभा होता आणि खाली गल्लीत दुधाची गाडी येऊन थांबली होती. दीड किलोच्या त्या जिवानं मागचा पाय आपटून गोदाला आणि मला खबर दिली होती, की सावध व्हा, कुणीतरी आलंय.

चिकू आणि गोदा या दोन्ही सशांना झोपायच्या खोलीत मोकळं सोडायला लागून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. हे रात्री जागणारे प्राणी आहेत, आता आपल्या झोपेचं खोबरं होणार, असंच मी धरून चालले होते. पण ससा धड निशाचर नाही आणि धड दिनचरही नाही. आपल्याकडे दिवस आणि रात्र जिथे जुळतात त्या सांध्याला संध्या म्हणतात आणि अशा संध्या दिवसातून दोन येतात. ससा हा या दोन संध्यांचा प्राणी. दिवेलागणीला तो ताजातवाना होतो आणि झुंजूमुंजू होताना पुन्हा एकदा. लख्ख उजेडात शिकारी पक्ष्यांची नजर असते, गडद अंधारात कोल्ह्या-घुबडांचं राज्य असतं. मधल्या करड्या उजेडात चरून घेणं त्यातल्या त्यात बरं.

आपल्या घरातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. महाराष्ट्राच्या माळरानावर उड्या मारत पळणारा ससा निराळा. तो बीळ खणत नाही, गवतातल्या खळग्यात दबून बसतो आणि त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगभर केस घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडीवाघडी, डोळे मिटलेली, कारण ती जमिनीखालच्या बिळात जन्मणार हे ठरलेलंच असतं. मराठीनं दोघांना एकच शब्द दिलाय, पण हा फरक कळला आणि माझ्या खोलीचं कोडं सुटलं. पाय आपटणं ही बिळात राहणाऱ्यांची भाषा आहे. हादरा मातीतून खाली जातो आणि आतल्यांना कळतं. आमच्या घरी माती नाही, फरशी आहे, आणि तीच हादरा माझ्या पलंगापर्यंत पोचवते. पलंगाखालचा अंधार हे त्या दोघांचं बीळ. म्हणजे रोज रात्री मी त्यांच्या बिळाच्या छपरावर झोपते!

फरशीवर जुनी सतरंजी दुहेरी करून अंथरली तेव्हा दोन गोष्टी झाल्या. आपटण्याचा आवाज मऊ झाला आणि गुळगुळीत फरशीवर घसरणारे त्यांचे पायही स्थिरावले. सशाच्या तळव्यांना कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते दाट केस असतात.

पण खरा फरक पडला तो संध्याकाळ त्यांना दिल्यावर. सात ते नऊ मी खोलीतच बसते. पुठ्ठ्याची खोकी, कागदी नळ्यांत कोंबलेलं गवत आणि धावायला मोकळी जमीन. गोदा मधूनच हवेत उडी घेते आणि उडीतच अंगाला पीळ देते, डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे. हा निव्वळ आनंद असतो, आणि तो पाहण्यासाठी मी बाकीची कामं बाजूला ठेवते. झोपण्याआधी भरपूर सुकं गवत टाकते, तेही मलमूत्राच्या ट्रेला लागूनच, कारण खाता खाता विधी उरकायची त्यांची सवय असते. गवत हेच सशाचं मुख्य अन्न. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजतात गवत चघळूनच. शेतकरी जिला वैतागतो ती हरळी, म्हणजे गणपतीच्या दूर्वा, या दोघांना प्राणाहून प्रिय. लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज घालू नये, त्यात कॅल्शियम फार असतं.

वायरींच्या बाबतीत हयगय नको. मी सगळ्या जाड पाइपांत घातल्या. मनीप्लांटही बाहेर गेला, तो त्यांना विषारी.

पहाटे पांघरूण ओढलं जातं तेव्हा उठायचं नाही, हा सगळ्यांत अवघड नियम. चार वाजता एकदा उठून कोथिंबीर दिली की ससा ती वेळ लक्षात ठेवतो. मी पाच रात्री निपचित पडून राहिले, सहाव्या रात्री कुणी ओढलं नाही. मात्र ससा बारा तास काहीच खात नसेल तर झोप बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा. त्याचं आतडं थांबणं म्हणजे जिवाशी गाठ.

त्या आतड्याचीही एक गंमत आहे आणि ती शांत वेळीच दिसते. एकदा मध्यरात्री जाग आली, तर खिडकीतून आलेल्या चांदण्यात चिकू मान पोटाखाली घालून काहीतरी खात होता. दिवसा दिसतात त्या कोरड्या लेंड्या नव्हेत. द्राक्षांच्या इवल्याशा घोसासारख्या, मऊ, चकचकीत. सशाचं अंधांत्र प्रचंड मोठं असतं. तिथे सूक्ष्मजीव गवत आंबवून त्यातून प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं तयार करतात, पण ती शोषली जातात त्या जागा मागे पडलेल्या असतात. म्हणून ससा तोच ऐवज थेट अंगातून उचलून पुन्हा खातो. गाय रवंथ करते, ससा हे करतो. मी श्वास रोखून पाहत राहिले. मिनिटभरात त्यानं पुढच्या दोन्ही पंजांनी तोंड पुसलं, आधी डावा गाल, मग उजवा, आणि एक कान खाली ओढून तोही धुतला.

साडेसहाला मी उठते तेव्हा त्यांची पहाट संपत आलेली असते. गोदा सतरंजीवर बसलेली असते आणि अचानक एका अंगावर कोसळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला होता. आता ठाऊक आहे की ससा पाय पसरून असा आडवा होतो तेव्हा त्याला कसलीच भीती वाटत नसते. डोळे उघडेच असतात, त्यामुळे झोप ओळखायची ती नाकावरून. दिवसभर थरथरणारं ते नाक हळू होतं, आणखी हळू होतं, आणि थांबतं. मी तिला ओलांडून पडदा ओढते.